चढाची श्रेणी आणि उन्हाचा हिशेब

‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीतल्या चढांना श्रेणी असते. चौथी सर्वांत सोपी, पहिली कठीण. त्याहून अवघड घाटांना १९७९ पासून ‘श्रेणीबाहेरचे’ म्हणतात. मोटार कोणत्या गिअरमध्ये चढते त्यावरून हे आकडे पडले, ही गोष्ट रंजक असली तरी दंतकथाच समजावी. आयोजक लांबी आणि तीव्रता पाहतात, शिवाय चढ टप्प्याच्या सुरुवातीला आहे की शेवटी, हेही. दमलेल्या पायांना तोच चढ जास्त जाचतो.

‘स्ट्राव्हा’ ॲपचा हिशेब सोपा आहे : मीटरमधली लांबी गुणिले चढाची टक्केवारी. गुणाकार ८,००० च्या पुढे गेला की चौथी श्रेणी, ८०,००० च्या पुढे श्रेणीबाहेर. आल्प्समधला आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे १,११,७८०!

या गुणाकारात ऊन नाही. चढावर वेग मंदावतो, अंगाला वारा कमी लागतो, घाम नीट वाळत नाही. स्नायू मात्र उष्णता निर्माण करतच राहतात. १३ जुलै १९६७ रोजी रणरणत्या उन्हात माँ व्हाँतूच्या माथ्याजवळ ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला, पुन्हा सायकलवर बसला, पुन्हा कोसळला आणि दगावला. वय अवघे २९. शवविच्छेदनात ॲम्फेटामिन आणि मद्य आढळले. ॲम्फेटामिन थकवा जाणवू देत नाही. थांबण्याचा इशाराच हरवतो.

चढावर डोके गरगरले, मळमळले, तर श्रेणी कोणतीही असो, उतरून सावली गाठावी, अंग ओले करून वारा घ्यावा. बोलणे असंबद्ध झाले, तर सोबत्यांनी अंगावर पाणी ओतत थेट रुग्णालय गाठावे.