हमीची गाडी, परमिटची मोटार

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारा नॅरोगेजचा रूळ नकाशावर पाहिला, की पहिला प्रश्न पडतो तो दिशेचा. मुंबई–नागपूर या मोठ्या लाइनवरचं धामणगाव यवतमाळपासून जेमतेम ४५ किलोमीटर. रूळ मात्र तिकडे न जाता दारव्हा, कारंजा असं करत पश्चिमेला ११३ किलोमीटर जातो आणि अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला मोठ्या लाइनला भेटतो. यवतमाळच्या माणसाला कोर्टकचेरीसाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी जायचं असतं नागपूरला. या गाडीत बसला तर तो नागपूरपासून लांबच जाणार. माणसांची सोय कोणाच्या डोक्यात असती, तर रूळ असा पडला नसता. तो पडला कापसासाठी, आणि कापसाला जायचं होतं मुंबई बंदरात. दारव्हा आणि कारंजा या कापसाच्या पेठा वाटेत घ्यायच्या आणि माल शक्य तितका मुंबईच्या बाजूला नेऊन मोठ्या गाडीत भरायचा, हा सरळ हिशेब त्या वळणात दिसतो.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अकोला, बडनेरा, धामणगाव ही ठिकाणं रुळावर आली, यवतमाळ मात्र बाजूला पडलं. तेव्हा जिल्ह्याचं नावही यवतमाळ नव्हतं. तो वणी जिल्हा होता, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये लागलं. कास्तकाराचा माल बंड्यांमधून धामणगावला जायचा. पावसाळ्यात वऱ्हाडातली काळी माती बैलाला गुडघ्यापर्यंत धरते, तेव्हा माल वेळेवर पोचणं आभाळावर अवलंबून.

ही अडचण ज्यांनी संधी म्हणून पाहिली, ते मुंबईचे पेढीवाले होते. किलिक, निक्सन आणि कंपनी ही १८५७ सालची मुंबईतली पेढी. त्या काळच्या भाषेत ती ‘मॅनेजिंग एजन्सी’. म्हणजे कंपन्या काढायच्या, भांडवल उभारून द्यायचं, कारभार आपण पाहायचा आणि त्याबद्दल कमिशन घ्यायचं. सुरतेपासून खानदेशातल्या अमळनेरपर्यंत जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे याच पेढीची. १९१० मध्ये तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. नाव मध्य प्रांताचं, पण बहुतेक रूळ वऱ्हाडात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडल्याचा हा परिणाम. पुढच्या काही वर्षांत मूर्तिजापूर केंद्र धरून दोन फाटे निघाले. एक दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला. मिळून साधारण १९० किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच कंपनीचा. गेज अडीच फुटांचं, कारण स्वस्त. माती कमी टाकावी लागते, पूल हलके चालतात, वळण आवळून घेता येतं.

कंपनीने रूळ घातले, पण गाडी कधीच चालवली नाही. इंजिन, गार्ड, स्टेशनमास्तर, वेळापत्रक, सगळं जीआयपीचं. कराराने उत्पन्नाचा ठरावीक वाटा चालवणाऱ्याला आणि उरलेला मालकाला. त्या काळच्या सरकारी धोरणात अशा ‘शाखा कंपन्यां’साठी आणखी एक गोड तरतूद होती. फाट्याचं उत्पन्न भांडवलावरच्या ठरलेल्या व्याजापेक्षा कमी पडलं, तर सरकारची हमी किंवा फाट्यामुळे मोठ्या लाइनला मिळालेल्या जादा कमाईतून भरपाई. भागधारकाच्या नजरेतून पाहा. मुंबईत बसून त्याला व्याज मिळतंय. दारव्ह्याच्या फलाटावर शेड आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध काय? गाडी भरली तरी ठीक, रिकामी गेली तरी ठीक. गाडीचा वेग वाढवून, डबे जोडून, रूळ पुढे नेऊन त्याला मिळणार काय होतं? १९२०–२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीने या शाखा कंपन्यांच्या पद्धतीवर टीका केली, आणि पुढे सरकारने हे धोरण आवरतं घेतलं. मात्र जुने करार जिवंत राहिले.

इथे एका लाडक्या दंतकथेचा समाचार घ्यायला हवा. वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी बातमी येते: ‘भारतातली एकमेव ब्रिटिश मालकीची रेल्वे’, आणि पाठोपाठ, ‘राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सरकार हिला विसरलं’. वाचायला मजा येते, पण पटत नाही. जीआयपी १९२५ मध्ये सरकारच्या ताब्यात आली, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. या फाट्यांवर गाडी चालवण्याचं काम तेव्हापासून सरकारी रेल्वेच करत होती, भुसावळ विभागाच्या हुकमतीखाली. मालकाला द्यायच्या रकमेचा हिशेब लागायचा. ज्याचा हिशेब ठेवावा लागतो, ते माणूस विसरत नाही. विकत घेण्याची मुभा होती, ती वापरली नाही, एवढंच. का वापरावी? गाडी आपल्याच हातात, आणि विकत घेतलं की रूळ, पूल, स्लीपर बदलण्याचा खर्च आपल्या गळ्यात. कंपनीलाही खर्च नको होता, रेल्वेलाही नको होता. दोघांनी मिळून तो पुढे ढकलला. आणि ‘ब्रिटिश’ म्हणायचं, तर किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेलेली आहे. इंग्रजांवर खापर फोडणं सोपं, म्हणून ते शब्द टिकले.

सरकारने मनात आणलं असतं तर काय झालं असतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तीही अडीच फुटी, तीही खासगी, आणि तिची कंपनी तर खरोखरच लंडनची. ती सरकारने १ जानेवारी १९५४ ला विकत घेतली. नंतर उशिराने का होईना, तिचं ब्रॉडगेज झालं, लातूरहून मुंबईला थेट गाडी सुटू लागली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झालं, तेव्हा मिरजेहून पाण्याची ‘जलदूत’ गाडी आली ती बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेने. त्याच वर्षी सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना यवतमाळ–अचलपूरच्या रुंदीकरणासाठी पंधराशे कोटींची घोषणा झाली. घोषणेनंतर रूळ रुंद झाला नाही. उलट त्याच दशकात दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली.

लोक तिला शकुंतला म्हणतात. यवतमाळहून अचलपूर गाठायला एके काळी वीस तास लागायचे. १९० किलोमीटर, म्हणजे तासाला दहासुद्धा नाहीत. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये इथे कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, तेव्हा डिझेल आलं. काही सिग्नलांवर लिव्हरपूलचा शिक्का होता. शेवटच्या काळात गाडीचा सगळा संसार सात माणसांचा. तेच तिकीट फाडणार, तेच इंजिन सोडणार-जोडणार. रस्त्याचं फाटक आलं की गाडी आधी थांबायची. एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, तो फाटक उघडून धावत येऊन डब्यात चढायचा. गाडीपुढे ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि म्हशी खोळंबलेल्या. हे दृश्य कौतुकाने सांगितलं जातं. त्यामागे गेटमनचा पगार वाचवण्याचा निर्णय आहे, हे सांगितलं जात नाही. तिकीट मात्र एसटीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं कमी. म्हणून गाडी शेवटपर्यंत भरलेली असायची ती भाजीवाल्या बायांनी, मजुरांनी आणि आठवडी बाजाराच्या गर्दीने. ज्या माणसांसाठी ती घातलीच नव्हती, त्यांनीच ती शेवटपर्यंत धरून ठेवली, आणि कापूस, ज्याच्यासाठी ती घातली, तो ट्रकवर चढून कधीच निघून गेला होता. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायच्या, म्हणजे दोनदा हमाली, दोनदा खोळंबा. ट्रक जिनाच्या दारात लागतो आणि थेट गिरणीत उतरतो. नॅरोगेजची स्वस्ताई अशी मूर्तिजापूरच्या यार्डात वसूल झाली.

ट्रकच्या आधी मोटार आली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात देशभर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. एक मालक, एक ड्रायव्हर, बऱ्याचदा दोघे एकच. शिटा भरल्याशिवाय मोटार हलायची नाही. रेल्वेवाल्यांनी याचा धसका घेतला. १९३२–३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस यांची चौकशी झाली, १९३७ मध्ये वेजवुड समितीचा अहवाल आला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परमिटची पद्धत पक्की केली. रस्त्यावर गाडी आणायची तर सरकारचा कागद हवा. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडात प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट ही कंपनी निघाली, तिच्यात सरकार शिरलं, आणि विदर्भाची बस वाहतूक तिच्याकडे गेली. मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे–नगर अशी पहिली एसटी धावली होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तशी नागपूरची ही सेवाही आली, आणि १९६१ मध्ये सगळं मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं. म्हणजे यवतमाळच्या माणसाच्या लाल गाडीची एक मुळी नागपूरच्या कंपनीतून आलेली आहे.

खासगी मोटार संपली असं तेव्हा वाटलं. ती परत आली ती वेगळ्या दाराने. कायद्यात बसचे दोन प्रकार आहेत. वाटेत थांबत थांबत शिटा घेणारी टप्पा वाहतूक, आणि एकगठ्ठा करार करून नेणारी कंत्राटी वाहतूक. पहिल्यावर महाराष्ट्रात एसटीचा हक्क, दुसऱ्याचं परमिट खासगी माणसाला मिळतं. १९८८ च्या कायद्यानंतर हे दार रुंद झालं. यवतमाळचं पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला गेलं, मग हिंजवडीत नोकरीला लागलं. सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, थेट रेल्वे नाही. अशी मागणी तयार असताना ट्रॅव्हल्स उभ्या राहिल्या नसत्या तरच नवल. संध्याकाळी शहरात ठरलेल्या चौकात स्लीपर कोच लागतात, क्लीनर मोबाइलवर ‘कुठं पोचले?’ विचारत असतो, एजंट वहीवर टिकमार्क करतो. कागदावर ही सहल असते. प्रत्यक्षात दारव्हा, कारंजा अशा शिटा उचलत जाणारी टप्पा वाहतूक असते. हे आरटीओला माहीत, मालकाला माहीत, शीट आडवी करून झोपलेल्या प्रवाशालाही माहीत.

बसच्या पोटात डोकावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. वर माणसं झोपलेली, खाली डिकीत खोकी. मोटारीचे सुटे भाग, औषधं, कपड्यांचे गठ्ठे, परत येताना पुण्याहून काय काय. ऑफ सीझनला शिटा अर्ध्या रिकाम्या गेल्या तरी पार्सल गाडीचं डिझेल काढून देतं. शंभर वर्षांपूर्वी इथला रूळ मालावर जगत होता, आता स्लीपर कोचही थोडीफार मालावरच जगते. फरक इतकाच, की ट्रॅव्हल्सवाल्याला कोणी व्याजाची हमी दिलेली नाही. म्हणून तो वाढतो, आणि म्हणूनच तो कापाकापीही करतो. दिवाळीत भाडं विमानाशी स्पर्धा करू लागतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने मर्यादा घातली, की खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये. ऐन सणात हा नियम किती पाळला जातो, ते दिवाळीला गावी आलेल्या कोणालाही विचारावं.

कापाकापीची दुसरी बाजू भाड्याहून भयंकर आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, बारा माणसं गेली. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, पंचवीस गेली. दोन्ही रात्रीच्या स्लीपर कोच. चौकशा झाल्या, आपत्कालीन दारं, काच फोडण्याच्या हातोड्या, ड्रायव्हरची झोप यांवर चर्चा झाली. एक प्रश्न चर्चेत फारसा आला नाही. एवढी माणसं रात्रभर रस्त्याने का जातात? कारण यवतमाळसारख्या जिल्हा ठिकाणाहून मुंबई-पुण्याची रेल्वे पकडायला आजही धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावं लागतं. कापसाच्या बंड्या जिथे जायच्या, तिथेच माणसं बॅगा घेऊन जातात. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री एकट्या पुसदने राज्याला दिले, तरी २०२४ पर्यंत जिल्ह्यात ब्रॉडगेज होतं ते वणी, पिंपळखुटी या कोळशाच्या आणि आदिलाबादच्या कडेला.

आता वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेजचं काम चालू आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी वर्धा–कळंब गाडीला हिरवा झेंडा दाखवला. हा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा नांदेडला जाईल. त्यात दारव्ह्याचं भलं आहे, जिल्ह्याचं मोठंच भलं आहे. पण कारंजा आणि मूर्तिजापूरच्या बाजूची गावं या आखणीत नाहीत. त्यांच्या शिवारातून अडीच फुटांची पट्टी गेलेली आहे, जागा संपादन झालेली आहे, शंभर वर्षांची. नव्या मार्गासाठी सगळ्यात वेळखाऊ काम असतं ते जमिनीचं, आणि ते इथे झालेलंच आहे. अचलपूर, दर्यापूर, कारंजा या भागांतले लोक शकुंतलेसाठी आंदोलनं करतात, तेव्हा बाहेरच्यांना त्यात जुन्या गाडीचा लळा दिसतो. निवेदनांतली मागणी मात्र रुंदीकरणाची असते: कंपनीशी असलेला करार निकाली काढा, पट्टी ताब्यात घ्या, मोठा रूळ टाका.