बाळंतपणानंतरची माता आणि भौतिकोपचार

गेवराई तालुक्यातील तलवाडा व परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचलही त्या जोडीवरच घेतलेली असते. त्यामुळे ओली बाळंतीणही लवकरच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढू लागते. प्रसूती सुखरूप पार पडली म्हणजे मातेची सेवा पूर्ण झाली, असे म्हणूनच आम्हांस वाटत नाही.

गर्भाशय व मूत्राशय यांना आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू प्रसूतीत ताणले जातात. ते सावरण्यापूर्वीच ओझे उचलल्यास खोकताना लघवी सुटणे, अंग बाहेर येणे असे त्रास जडू शकतात. संकोचापोटी स्त्री ते अंगावर काढते आणि पुढे पिशवी काढण्याचा मार्ग तिला जवळचा वाटू लागतो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे कारणे अनेक आहेत. परंतु ज्यावर व्यायामाने उतार पडू शकला असता, असा त्रासही त्यांत असतो.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला हा व्यायाम साधा आहे. लघवी रोखून धरल्याप्रमाणे स्नायू आत ओढायचे, धरायचे व सोडायचे. दिवसातून ३ वेळा, प्रत्येक खेपेस किमान ८ वेळा, निदान ३ महिने. मात्र नुसते सांगून भागत नाही. पुष्कळ जणी पोट किंवा मांड्याच आवळतात. नेमका स्नायू ओळखून देणे, मोळी उचलण्यापूर्वी तो आवळून श्वास न कोंडता सोडत उचलण्यास शिकविणे, हे भौतिकोपचार तज्ज्ञाचे काम होय. अंग पूर्ण बाहेर आले असेल किंवा अंगावरून फार जात असेल, तर मात्र विलंब न लावता स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावे.

'विश्रांती घ्या' असे लिहून देणे सोपे. खाडा पडला की पैसे कापले जातात, हे त्या कागदावर नसते. तीन महिने रुग्णालयात येत राहणे तलवाड्याच्या मातेस शक्य नाही. तिला हे शिक्षण गरोदरपणीच्या तपासणीतच मिळावे, सोबत सासूबाईंनाही बसवावे, न वाचताही उमगेल असा चित्रांचा कागद हाती द्यावा आणि टोळी परतल्यावर पुन्हा तपासावे. यासाठी स्त्री भौतिकोपचार तज्ज्ञ, एक सतरंजी व पडदा असलेली खोली एवढेच लागते.