पोराचा जीव राजीवर का जडतो?

मैत्रिणींनो, गेम खेळताना पोर ‘मी मेलो!’ ओरडलं तर दचकू नका. सिनेमातली नायिका आपण नुसती बघतो. गेममधली आपणच चालवतो, म्हणून तिचं ‘मी’ होतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. राखीच्या सणाला राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवतात. कसरती करणारी ही पोर दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते. पडली की पुन्हा उठवायची. इतकं सांभाळल्यावर माया लागणारच. आखाजीला गौराईला निरोप देताना आपलेही डोळे भरतातच की!

‘राजी’ एकदाच विकत घ्यायचा. काही खेळ मात्र याच मायेवर पात्रांचे कपडे, हत्यारं पुन्हा पुन्हा विकतात. म्हणून यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. आणि रागावण्याआधी विचारा, ‘गोलू सापडला का रे?’