अधिक-उणे चिन्हांचा क्रम कसा ओळखावा?

संख्यांची एखादी मालिका समोर ठेवून तिचा नियम शोधण्यास सांगितले असता विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम आकड्यांकडे जाते. त्या आकड्यांमागील अधिक व उणे ही चिन्हे तो आकड्याचाच भाग समजतो आणि येथेच त्याची वाट चुकते. उदाहरणार्थ, ३, −७, ११, −१५ ही क्रमिका घ्यावी. लगतच्या पदांतील फरक काढू लागल्यास −१०, +१८, −२६ असे आकडे हाती येतात व गोंधळ वाढतो. परंतु चिन्हे क्षणभर बाजूला ठेवून केवळ ३, ७, ११, १५ असे लिहिले, तर दर पदास चाराची वाढ होते हे प्राथमिक शाळेतील मुलासही सांगता येईल. चिन्हांची ओळ वेगळी, आकड्यांची ओळ वेगळी. दोहोंचे नियम स्वतंत्रपणे शोधावयाचे आणि शेवटी एकत्र जोडावयाचे, ही या विषयाची पहिली पायरी होय.

ही चिन्हे आपल्याकडे नवीन नाहीत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन व ऋण संख्यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिले. ‘ऋण’ म्हणजे कर्ज, हा व्यवहारातील शब्दच त्याने गणितात आणला. ‘बीजगणित’ या ग्रंथात भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देऊन ती ओळखवितात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाचा उल्लेख करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हा या आचार्यांनी सांगितलेला नियम पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

सर्वांत सोपा क्रम एकाआड एक चिन्हाचा. उणे एकास सम संख्येइतक्या वेळा स्वतःने गुणल्यास अधिक एक मिळतो, विषम वेळा गुणल्यास उणे एक. म्हणून पदाचा क्रमांक हाच घातांक मानला की चिन्ह आपोआप ठरते. मात्र पहिले पद धन असेल तर क्रमांकात एक मिळवून घातांक घ्यावा लागतो. वरील क्रमिकेत पहिल्या पदासाठी घातांक दोन, दुसऱ्यासाठी तीन, असे धरले म्हणजे चिन्हे जुळतात. नियम लिहून झाल्यावर पहिली दोन पदे त्यात घालून पाहावीत. एवढी सवय लागली तरी परीक्षेतील निम्मी गफलत टळेल.

या साध्या क्रमाचे सामर्थ्य मात्र मोठे आहे. एक, एक-तृतीयांश, एक-पंचमांश, एक-सप्तमांश असे अपूर्णांक नुसते मिळवीत गेल्यास बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. त्यांनाच एकाआड एक अधिक-उणे चिन्हे दिली, की बेरीज वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या चतुर्थांशावर स्थिरावते. केरळातील संगमग्रामच्या माधवाच्या नावावर असलेली ही श्रेढी ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मल्याळम् भाषेतील ‘युक्तिभाषा’ ग्रंथात उपपत्तीसह मांडली. युरोपात ती लायब्निझच्या नावाने ओळखली गेली ती सतराव्या शतकात.

काही क्रमिकांत चिन्हे जोडीने बदलतात : दोन अधिक, दोन उणे, पुन्हा दोन अधिक. येथे पदक्रमांकास चाराने भागून बाकी पाहणे हाच सुलभ उपाय. बाकी एक किंवा दोन उरल्यास अधिक, तीन किंवा शून्य उरल्यास उणे. स्विस गणिती ऑयलर याने अठराव्या शतकात दिलेला, संख्येच्या विभाजनांचा नियम याच क्रमावर चालतो. पाच ही संख्या लहान संख्यांच्या बेरजेच्या रूपात सात प्रकारे मांडता येते (नुसता पाच हाही त्यांतील एक प्रकार), सहा ही अकरा प्रकारे. सातचे प्रकार हवे असल्यास एक, दोन, पाच व सात इतक्या घरांनी मागे जाऊन ११ + ७ − २ − १ असे करावे, उत्तर १५. पुढे बारा व पंधरा घरे मागे जाताना चिन्ह पुन्हा अधिक होते, बावीस व सव्वीस घरांना उणे. याच रीतीने इंग्रज गणिती मॅकमेहन याने दोनशेपर्यंतचे सर्व आकडे हाताने काढले. दोनशेचा आकडा ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतका आहे. हार्डी व रामानुजन यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राची पडताळणी या आकड्याशी झाली. या रीतीत प्रत्येक उत्तर मागील उत्तरांवर उभे असते; मध्येच एका ठिकाणी अधिकाचे उणे झाले असते, तर तेथून पुढचा सगळा तक्ता वाया गेला असता.

यापुढील क्रम अधिक मनोरंजक आहे, व त्याचा ग्रामीण व्यवहाराशी जवळचा संबंध जोडता येतो. समजा, दोघा भावांत आठ झाडांची वाटणी करावयाची आहे. झाडांची प्रतवारी ठरलेली असून उत्तम झाडास ८ गुण, त्याखालच्यास ७, असे शेवटच्यास १ पर्यंत गुण दिले आहेत. पाळीपाळीने निवड केल्यास थोरल्याकडे ८, ६, ४, २ म्हणजे २० गुण जातात, धाकट्याकडे १६. हा अन्याय पंचांच्या ध्यानात सहसा येतोच. मग थोरला एक, धाकटा दोन, थोरला दोन, धाकटा दोन, शेवटचे थोरल्याचे अशी पद्धत सुचते. तिने दोघांस १८-१८ गुण मिळतात. पण झाडांच्या उत्पन्नातील अंतर सारखे नसेल तर? पहिल्या झाडाचे मोल ६४, दुसऱ्याचे ४९, तिसऱ्याचे ३६, असे वर्गांच्या प्रमाणात उतरत असेल, तर हीच पद्धत थोरल्यास १०६ व धाकट्यास ९८ देते. वरवर समान दिसणारी वाटणी प्रत्यक्षात समान नसते, ती अशी.

यावर उपाय चिन्हांच्या एका क्रमात आहे. थोरल्याच्या पाळीस अधिक व धाकट्याच्या पाळीस उणे म्हणावे. प्रथम अधिक लिहावे. त्यापुढे त्याचे उलट लिहावे : + −. या जोडीची उलट जोडी पुढे मांडावी : + − − +. या चौघांचे उलट पुढे मांडावे : + − − + − + + −. या क्रमाने थोरल्यास ८, ५, ३, २ व धाकट्यास ७, ६, ४, १ ही झाडे येतात. बेरीज दोघांची १८. वर्गांची बेरीजही दोघांची १०२! फ्रेंच गणिती प्रूए याने १८५१ साली या गुणधर्माचे सर्वसाधारण रूप सांगितले. पुढे नॉर्वेच्या थ्यूने व अमेरिकेच्या मॉर्सने आपापल्या कामात हाच क्रम स्वतंत्रपणे गाठला, म्हणून तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला मॅक्स यूवे यानेही १९२९ साली तो वापरला, हे वाचून क्रीडाशिक्षकांस कौतुक वाटेल.

हा क्रम कितीही लांबविला तरी ठराविक गट घेऊन तोच-तोच फिरत नाही. त्यामुळे येथे भागून बाकी पाहण्याचा उपाय चालत नाही. तरीही कोणत्याही स्थानाचे चिन्ह थेट काढता येते. स्थाने शून्यापासून मोजावीत व स्थानाचा आकडा १, २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या वजनांनी तोलावा, प्रत्येक वजन एकदाच वापरून. वजनांची संख्या सम आली तर अधिक, विषम आली तर उणे. शंभर तोलण्यास ६४, ३२ व ४ अशी तीन वजने लागतात. म्हणून तेथे उणे.

थोडी पदे पाहून नियम ठरविण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजावेत (एकच अवयव पुन्हा आल्यास पुन्हा मोजावा) व ते सम असल्यास अधिक एक, विषम असल्यास उणे एक अशी खूण करावी. एकास अवयव नाहीत म्हणून अधिक. दोन व तीन यांस उणे. चार म्हणजे दोन दुणे, तेथे अधिक. पाचास उणे, सहास अधिक, सातास उणे, आठास उणे, नऊ व दहा यांस अधिक. या खुणांची बेरीज करीत गेल्यास दोनापासून पुढे ती शून्याच्या वर जात नाही असे दिसते. शंभरापर्यंत पाहिले, हजारापर्यंत पाहिले, तरी तसेच. हंगेरियन गणिती पोल्या याने १९१९ साली हा नियम सर्वत्र खरा असावा असा अंदाज मांडला. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह याने तो खोटा असल्याचे सिद्ध केले, पण नियम मोडणारी संख्या तेव्हा हाती नव्हती. दोन वर्षांनी लेहमन याने तशी एक संख्या दाखविली, आणि १९८० साली तानाका याने त्यांतील सर्वांत लहान कोणती ते शोधून काढले. ती ९०,६१,५०,२५७ आहे.