रोबोची नजर

डोळा असला म्हणजे दिसते, पण जे दिसले ते ओळखायला शिकावे लागते. रोबो बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शिक्षण कॅमेऱ्याला द्यावे लागते.

अमेरिकेत 'फर्स्ट' या संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची रोबो स्पर्धा १९९२ पासून भरते. २०१२ चा खेळ बास्केटबॉलचा होता. रोबो बनवायला मुदत सहा आठवडे. सामन्याची पहिली १५ सेकंदे चालकांनी नियंत्रणाला हात लावायचा नाही. मग नेम कुणी धरायचा? कॅमेऱ्याने!

हा नेटवर्क कॅमेरा, म्हणजे तारेतून चित्रे पाठवणारा चिमुकला संगणकच. त्याला आधी पत्ता द्यावा लागतो. संघाचा क्रमांक १२३४ असेल, तर रोबोच्या रेडिओला जोडलेल्या कॅमेऱ्याचा पत्ता १०.१२.३४.११. मैदानात एका वेळी सहा रोबो असतात. पत्त्यातच संघाचा क्रमांक असल्यामुळे एकाचे चित्र दुसऱ्याकडे जात नाही. एकाच संघाच्या दोन उपकरणांना चुकून सारखा पत्ता दिला, तर मात्र जोडणी बिघडते.

चित्र आले, पण त्यात टोपली कुठली? त्यासाठी टोपलीमागच्या फळीवर २४ इंच रुंद आणि १८ इंच उंच चौकट होती. ती होती, प्रकाश आल्या दिशेनेच परतवणाऱ्या पट्टीची. रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्यावरच्या पाट्या उजळतात ना, तशीच. मुले भिंगाभोवती हिरव्या दिव्यांचे कडे बसवत आणि चित्र मुद्दाम काळोखे ठेवत. बाकी सारे विझल्यासारखे होई, चौकट तेवढी हिरवी उठून दिसे.

आता कॅलिब्रेशन. चित्र ३२० ठिपके रुंद आहे आणि २ मीटरवरून चौकट ११२ ठिपके व्यापते, असे समजा. ती ५६ ठिपक्यांची दिसली, तर अंतर ४ मीटर. गणित त्रैराशिकाचेच, फक्त व्यस्त!

खरी मेख प्रकाशात आहे. कॅमेरा उजेड आणि रंग आपणहून जुळवून घेतो. घरी फोटो काढताना ही सोय चांगली. इथे तीच घात करते, कारण हिरव्याची ठरवलेली मर्यादा क्षणात चुकते. म्हणून ही सोय बंद करून मापे कायम करायची. शाळेच्या कार्यशाळेतला उजेड वेगळा, स्पर्धेच्या सभागृहातला झगझगाट वेगळा. म्हणून सभागृहात पोहोचल्यावर हिरव्याची मर्यादा पुन्हा तपासायची. ते राहिले, तर सहा आठवड्यांच्या मेहनतीचा रोबो टोपलीऐवजी छतावरच्या दिव्यावर नेम धरतो, आणि १५ सेकंदे संपून जातात.