एसटी एक, दिसतात दोन

समजा, तुम्ही फाट्यावर उभं राहून एसटीची वाट बघताय. लांबून एसटी येताना दिसते. एक नाही, दोन! अगदी शेजारीशेजारी, पाटीही दोघींवर एकाच गावाची. तुम्ही एक डोळा झाकता, तर एक एसटी गायब. हात काढला की पुन्हा दोन हजर. आणि हातातलं पुस्तक मात्र एकच दिसतंय, अक्षरंही नीट.

ऐकायला मजा वाटते. ज्याला असं होतं त्याला मात्र रस्ता ओलांडायची धास्ती वाटते, कारण दोनातली खरी एसटी कुठली हेच कळत नाही. अशा माणसाच्या डोळ्यात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेली असते ती मेंदूतून निघून डोळ्यापर्यंत जाणारी एक बारीकशी नस. रक्ताची नव्हे हं, निरोप नेणारी.

मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा नसांच्या बारा जोड्या आहेत आणि डॉक्टरांनी त्यांना चक्क नंबर दिलेत. दहावी नस फार फिरस्ती, गळ्यातून उतरून हृदय आणि पोटापर्यंत पोचते. तिसरी डोळ्याचे चार स्नायू सांभाळते, शिवाय पापणी उचलते आणि बाहुली बारीक करते. आणि सहावी? तिच्याकडे एकच स्नायू! प्रत्येक डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात. त्यातला कानाच्या बाजूचा तेवढा हिच्या हुकमात.

हा स्नायू आणि नाकाच्या बाजूचा स्नायू यांची दिवसभर रस्सीखेच चाललेली असते. दोघांचा जोर सारखा, म्हणून डोळा मधोमध राहतो. सहावी नस थकली की बाहेरचा गडी ढिला पडतो आणि आतला गडी डोळा नाकाकडे ओढून नेतो. आता एक डोळा एसटीकडे सरळ बघतोय आणि दुसरा वाकडा. मेंदूकडे दोन चित्रं येतात, दोन वेगळ्या जागांची. तो बिचारा दोन एसट्या दाखवतो.

मग पुस्तक एकच कसं दिसलं? जवळचं बघताना आपले दोन्ही डोळे तसेही नाकाकडे वळतात, बाहेरच्या स्नायूला फारसं काम पडत नाही. लांबचं बघायला मात्र दोन्ही डोळे सरळ समोर हवेत, आणि तिथेच हा स्नायू कमी पडतो. नस उजवीकडची बिघडली असेल, तर उजवीकडे बघताना दोन एसट्यांमधलं अंतर आणखी वाढतं.

हा स्नायू कामावर असलेला बघायचाय? ताईला समोर बसवा. मान अजिबात न हलवता तिला उजवीकडे बघायला सांगा, अगदी टोकापर्यंत. तिच्या उजव्या डोळ्यातलं बुबुळ कानाकडे सरकत जाईल आणि बाहेरच्या कोपऱ्यातला पांढरा भाग जवळजवळ दिसेनासा होईल. सहावी नस बिघडलेल्या माणसात ही पांढरी फट उरतेच. कधी कधी तर बुबुळ मध्यापर्यंत येऊन तिथेच थांबतं. डॉक्टर समोर पेन धरून डावीकडे-उजवीकडे नेतात, तेव्हा त्यांची नजर याच कोपऱ्यावर असते.

आता खरी गंमत. एवढ्याशा कामासाठी ही नस जाते केवढ्या आडवाटेने! ती सुरू होते मेंदूच्या खालच्या दांड्यात, पॉन्स नावाच्या भागात. तिथे चेहऱ्याची सातवी नस तिच्या उगमाला चक्क वळसा घालून जाते. म्हणून बिघाड तिथेच असेल तर डोळ्याबरोबर त्याच बाजूचा चेहराही लुळा पडू शकतो. पुढे ती मेंदूच्या तळातून बाहेर पडते, कवटीच्या उतरत्या हाडावरून वर चढते, कान ज्या हाडात असतो त्याच्या आतल्या टोकावर वळते आणि एका चिंचोळ्या बोगद्यात शिरते. प्रिमो दोरेल्लो या इटालियन शास्त्रज्ञाने 1905 मध्ये या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून तो दोरेल्लोचा बोगदा. त्यानंतर रक्ताने भरलेल्या एका पोकळीतून, मेंदूकडे जाणाऱ्या धडधडत्या धमनीला खेटून ती पुढे सरकते. शेवटी हाडातल्या एका फटीतून डोळ्याच्या खोबणीत.

या वाटेवर कुठेही गडबड झाली की डोळा वळलाच. कानाचंच बघा. कान फुटला, पू वाहू लागला आणि दुखणं आत हाडाच्या त्या टोकापर्यंत पोचलं, तर कानाच्या रोग्याला दोन दोन दिसायला लागतं! इटलीच्याच ज्युसेप्पे ग्रादेनिगो यांनी 1904 मध्ये हे जगापुढे मांडलं: वाहता कान, चेहऱ्याच्या त्याच बाजूला जोराची कळ आणि आत वळलेला डोळा. प्रतिजैविकं आल्यापासून हे फार क्वचित दिसतं. तरी कान वाहत असेल तर त्यात तेल ओतू नका. आजी कितीही म्हणाली तरी. सरळ डॉक्टरांकडे जा.

आजोबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर या नसेला रक्त पुरवणारी केसासारखी रक्तवाहिनी अचानक बंद पडू शकते. आजोबा सकाळी उठतात आणि चहाच्या कपाऐवजी समोरच्या भिंतीवरची घड्याळंच दोन दिसतात. (कप जवळ असतो ना!) घरात घबराट होते, पण बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत ही नस आपली आपण सुधारते. साखर आणि रक्तदाब मात्र ताब्यात हवेत.

डोक्याला जोराचा मार बसला तरी ही नस दुखावते. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले तरीही. तुमच्या डाव्या दंडावर एक छोटासा व्रण आहे का? तो बीसीजीच्या लशीचा. तान्ह्या बाळांना ती टोचतात, कारण लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती चांगलं संरक्षण देते.

या नसेची सगळ्यात चक्रावणारी सवय अजून सांगायचीच आहे. ती कधी कधी चुकीचा पत्ता देते! मेंदूभोवती एक नितळ पाणी खेळत असतं, मोठ्या माणसात साधारण 150 मिलिलिटर. मेंदूत गाठ झाली किंवा या पाण्याची वाट अडली, तर कवटीच्या आत दाब वाढतो. सहावी नस एका टोकाला मेंदूशी आणि दुसऱ्या टोकाला हाडाशी बांधलेली. दाबाने ती ताणली जाते आणि डोळा वळतो. डॉक्टर नसेच्या वाटेवर शोधत बसतात आणि गाठ असते भलतीकडेच! लंडनच्या जेम्स कोलियर यांनी 1904 मध्ये अशा फसव्या खुणांवर एक लेखच लिहिला होता. म्हणून मुलाचा डोळा अचानक वळला आणि सोबत सकाळी उठताच डोकेदुखी, उलट्या असं काही असेल, तर वाट बघत बसायचं नाही. डॉक्टर बाहुलीतून उजेड टाकून डोळ्याच्या आतल्या पडद्यामागची नस सुजली आहे का ते बघतात आणि मेंदूचा एमआरआय काढतात.

लहान मुलं ‘मला दोन दिसतं’ असं पुष्कळदा सांगतच नाहीत. त्यांचा मेंदू वाकड्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकून मोकळा होतो. किंवा ती नकळत एक युक्ती करतात. उजवा डोळा बिघडला असेल तर चेहराच उजवीकडे वळवून बसतात, म्हणजे डोळ्याला तिकडे वळावं लागत नाही. वर्गात बाई ओरडतात, ‘अरे, सरळ बस की!’ आणि तो बिचारा त्याच्या मते सरळच बसलेला असतो. पण चित्र बाजूला टाकायची मेंदूची सवय वाईट. फार दिवस चालली तर त्या डोळ्याची नजर मंदावते. म्हणून डॉक्टर चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायला सांगतात. मोठ्यांना खास काचेचा चष्मा देतात. सहाएक महिने थांबूनही नस जागी झाली नाही, तर शस्त्रक्रिया. तिची एक तऱ्हा भारी आहे: डोळ्याच्या वरचा आणि खालचा स्नायू थोडा सरकवून बाहेरच्या बाजूला शिवतात आणि लुळ्या गड्याचं काम त्या दोघांकडून करून घेतात.

काही मुलांत तर एका डोळ्याची ही नस जन्मापासूनच नसते किंवा नीट वाढलेली नसते. मग तिसऱ्या नसेचा एक फाटा त्या रिकाम्या स्नायूत शिरतो. असं मूल नाकाकडे बघायला लागलं की आतला आणि बाहेरचा असे दोन्ही स्नायू एकदम ओढतात, डोळा किंचित आत खेचला जातो आणि पापण्यांची फट बारीक होते. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर ड्युएन यांनी 1905 मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलं. या मुलांना सहसा दोन दोन दिसत नाही, त्यांची घाईगडबडही करावी लागत नाही. मग नवा बिघाड कुठला आणि जन्मापासूनचा कुठला, हे ओळखायचं कसं? डोळ्यांचे डॉक्टर कधी कधी आईबाबांना घरचे जुने फोटो आणायला सांगतात. बारशाचा, पहिल्या वाढदिवसाचा, बालवाडीतला. आणि मग भिंगाखाली धरून एकेका फोटोत बघतात, मान कुणीकडे वळलीय ते.