रोपाआधीचे शेत

जुलै उजाडला की वृक्षारोपणाचे समारंभ होतात आणि किती कोटी रोपे लागली याचे आकडे जाहीर होतात. राज्य शासनाच्या मोहिमेत २०१६ साली २ कोटींचे असलेले उद्दिष्ट २०१९ साली ३३ कोटींवर गेले होते. आकड्यांचा हा सोस नव्याने जमीन घेणाऱ्यांनाही लागलेला दिसतो. शहरात नोकरी करून चार पैसे गाठीला बांधलेला, मूळचा शेतकरी घरातला मनुष्य गावाकडे दोन-तीन एकर माळ घेतो, खरेदीखत होताच रोपवाटिका गाठतो आणि पहिल्याच पावसात शंभर-दीडशे कलमे लावून मोकळा होतो. पुढल्या उन्हाळ्यात तेथे रिकामी आळी तेवढी शिल्लक राहतात. मग कोणी पावसाला दोष देतो, कोणी गुराख्याला. वास्तविक ते शेत झाडांसाठी तयारच झालेले नसते.

खरेदीखताने मालकी मिळते. हद्द कळते ती मोजणीने. भूमी अभिलेख खात्याकडे रीतसर अर्ज करून, लगतच्या खातेदारांच्या समक्ष खुणा कायम करून घेणे आणि त्या खुणांवर दगड रोवणे, हे लावणीच्या आधीचे काम आहे. ज्वारी-बाजरीच्या शेतात हातभर चूक झाली तर ती पुढल्या हंगामात सुधारता येते. पाच वर्षांचा आंबा शेजाऱ्याच्या गटात निघाला, तर तो उचलून आणता येत नाही. सातबाऱ्यावरील 'इतर अधिकार' हा रकानाही विकत घेणाऱ्याने डोळसपणे वाचावयास हवा. तथापि गावातील कित्येक वाटा कोणत्याही रकान्यात नसतात. त्या वहिवाटीच्या असतात, आणि कुंपण पडेपर्यंत त्यांची आठवणही कोणाला होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. खटला होऊन वाट सोडण्यापेक्षा कुंपण घालतानाच बैलगाडीपुरती वाट सोडणारा मालक शहाणा म्हणावा लागेल.

याहून अवघड प्रश्न चराईचा. पडीक माळ हा कागदावर एकाचा असला, तरी दिवाळीपासून मृगापर्यंत तो सगळ्या वाडीच्या शेळ्यामेंढ्यांचा असतो. त्याला कुंपण पडले की कोणाची तरी दोन शेळ्यांची सोय नाहीशी होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार त्यांनी त्वेषाने मांडली होती. ते खाते सरकारी होते, आणि हा मालक आपल्या कायदेशीर हक्कात वागतो आहे, हा भेद खरा. पण शेळीवाल्याच्या दृष्टीने परिणाम एकच. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार येथे चराईबंदी टिकली, ती गावाने स्वतः ठरवली म्हणून. आणि मोकळी चराई बंद होताना गवत कापून नेण्याचा मार्ग खुला राहिला म्हणून. एकट्या मालकानेही हाच व्यवहार करावा. आत गुरे नकोत, पण गवत कापून न्या, असे त्याने वाडीत जाऊन, लावणीपूर्वी सांगावे. कोंडवाड्याची धमकी त्यानंतरही देता येते. आधी दिली तर कुंपण रात्रीतून मोडते.

कुंपण कसले असावे? काटेरी तारेवर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी खांबांचा आणि तारेचा खर्च रोपांच्या किमतीशी एकदा ताडून पाहावा. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा आहे, देशावर बाभळीच्या शिऱ्या आहेत. पण शिऱ्या वाळतात आणि चुलीत जातात. टिकाऊ उपाय जिवंत कुंपणाचा. चिलार आणि सागरगोटा यांची दाट जाळी गुरांना आत शिरू देत नाही. घायपात, शेर, मोगली एरंड यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. मात्र हे कुंपण दाट होण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून पहिला पावसाळा कुंपणाला द्यावा आणि कलमांची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक वर्ष फुकट गेल्याची हळहळ ज्यांना वाटते, त्यांनी मेलेल्या कलमांचे वर्ष हिशेबात धरावे.

खड्ड्यांचे काम उन्हाळ्यातले. आंब्यासाठी १० मीटर अंतर धरले, तर हेक्टरी १०० खड्डे होतात. मीटरभर लांब, रुंद व खोल खड्ड्यांची खोदाई १०० घनमीटर भरते. मुरमाड माळावर हे काम आठवड्याभराचे नव्हे. खड्डे वैशाखात तापू द्यावेत आणि वरच्या थराची माती, शेणखत व निंबोळी पेंड घालून मृगापूर्वी भरावेत. उतार असेल तर त्याला आडवे समतल चर आधी काढावेत, नाहीतर भरलेली माती पहिल्याच वळवात वाहून जाते. बांधालगतची ओळ चांगली पाच मीटर आत घ्यावी. झाडाच्या वसव्याने शेजाऱ्याचे पीक खुरटले की मोजणीने मिटलेला तंटा पुन्हा उभा राहतो.

किती खड्डे खणावेत, हे मात्र पाण्याने ठरते. उन्हाळ्यात रोपामागे आठवड्याला २० लिटर धरले, तरी १०० रोपांना २००० लिटर, म्हणजे दहा पिंपे पाणी दर आठवड्याला माळावर चढवावे लागते. तेवढी सोय नसेल तर चाळीसच खड्डे खणावेत. उरलेल्या जागेत गवत माजेल. पावसाळा सरताच ते वाडीतल्या माणसांनी कापून नेले, तर त्यांच्या शेळ्यांचा चारा होतो आणि फाल्गुनात वणवा बांधापर्यंत आला तरी त्याला आत पेटायला काही सापडत नाही.